नदीला तान्हं दाखवल्याची कहाणी

ऐका नदीमाउली, तुमच्या वशाची कहाणी.

डुबुक! एवढाच आवाज. आटपाट नगरातल्या लिंबाजी नावाड्यानं तो फार वर्षांमागं ऐकला, आणि मग तो त्याच्या कानांतून कधी गेला नाही.

नगराला नदी होती, नदीला घाट होता, घाटाखाली डोह होता. घाटावर लिंबाजीची नाव असे. नदीकाठच्या माणसांचा एक वसा होता. घरात मूल जन्मावं, सव्वा महिना व्हावा, मग घरातल्या सर्वांत वडील माणसानं त्याला नदीत न्यावं, तळहातावर तरंगवावं आणि नदीला त्याचं नाव सांगावं.

लिंबाजीला पहिला मुलगा झाला. घरात त्याच्याहून वडील कुणी नव्हतं. वशाचा दिवस आला, बायको पोर घेऊन पाण्याशी उभी राहिली. तोच पैलतीराहून हाक आली, "ओ नावाडी, वऱ्हाड आलंय!" लिंबाजी म्हणाला, "आज राहू दे, उद्या करू." दुसऱ्या दिवशी हाक आली, "ओ नावाडी, बाजारकरी आलेत!" लिंबाजी म्हणाला, "आज राहू दे, उद्या करू." तिसऱ्या दिवशी हाक आली, "ओ नावाडी, राजाचा कारभारी आलाय!" मग काय, नाव सोडली. उद्याचा परवा झाला, वसा राहून गेला. पोर चालू लागलं. एक दिवस बापामागं घाटावर आलं. बाप पाठमोरा होता, नाव बांधत होता. मागं डोहात डुबुक झालं.

मग लिंबाजी नदीवर रुसला. म्हणाला, "माझं पोर नेलंस. आता माझ्या घरचं लेकरू तुझ्या पाण्याला पाय लावणार नाही." दुसरा मुलगा झाला, भागोजी त्याचं नाव. वसा केला नाही. बायको झुरून झुरून गेली. भागोजी मोठा झाला, मिशा फुटल्या, नाव वल्हवू लागला. पण कसा? कमरेला दोर आणि दोराचं टोक नावेच्या खुंटीला. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया हसत. म्हणत, "अगं बघा, नावाड्याचा लेक दाव्याला बांधलाय! चारा तरी टाका गं कुणी!"

मग भागोजीचं लग्न झालं. बायको पैलतीरच्या कोळ्याघरची, गजरा नावाची, चालायच्या आधी पोहलेली. तिला मुलगी झाली. सव्वा महिना भरला, तशी गजरा सासऱ्यापुढं गेली.

"मामंजी, नदीला नात दाखवायची."

"पाणी गार आहे गं," लिंबाजी म्हणाला.

मग गार पाणी ऊबदार झालं. गजरा पुन्हा गेली.

"मामंजी, नदीला नात दाखवायची."

"पाणी गढूळ आहे गं."

मग गढूळ पाणी निवळलं. गजरा तिसऱ्यांदा गेली. म्हणाली, "मामंजी, आता तळाचे गोटे दिसतात. माझा हात चालला असता तर मीच नेली असती. पण वडील हात तुमचा आहे."

लिंबाजीनं रात्रभर विचार केला आणि सकाळी एक युक्ती काढली. घंगाळभर नदीचं पाणी आणलं, चुलीवर कोमट केलं, परसात ठेवलं, नातीला त्यात अलगद बुचकळलं. म्हणाला, "नदीमाय, ही बघ माझी नात. झाला वसा."

गजरा दारात उभी होती. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "मामंजी, नदीला घंगाळात बसवलीत? ती काय डाळ आहे, भिजत घालायला?"

नदी कोपली नाही. नदी निघून गेली. पहिल्या दिवशी पाण्यानं घाटाची पायरी सोडली. दुसऱ्या दिवशी नावेचा तळ वाळूला टेकला. तिसऱ्या दिवशी पैलतीरापर्यंत वाळूच वाळू झाली. माणसं चालत पलीकडं जाऊ लागली, मग नावेला कोण विचारतो? मडक्यातली पेज संपली, चुलीत राख उरली. गजराचं दूध आटू लागलं. तान्ही रडे, रडून दमे, निजे, उठून पुन्हा रडे. मग तर तिचा आवाजही बारीक झाला. लिंबाजी तिच्या पाळण्याशी बसे, दोरी ओढी आणि दुसरीकडं बघे.

एके दुपारी एक म्हातारी घाटावर आली. ऊन रणरणत होतं, पण तिचा पदर ओला होता. म्हणाली, "नावाड्या, मला पैलतीरी सोड."

"आजी, वाळू आहे. चालत जा."

"मी चालत जायची नाही. मला नावेतनंच ने."

"पाणी कुठून आणू?"

"तूच घालवलंस, तूच आण."

हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा लिंबाजी बोलला. "आजी, तिनं माझं पोर नेलं. आणि मीच तिची मनधरणी करू?"

म्हातारी त्याच्याजवळ पायरीवर बसली. म्हणाली, "बाबा, तुझ्या दारी एखादं चुकलेलं पोर आलं. नाव ठाऊक नाही, घर ठाऊक नाही, त्याला बोलता येत नाही. तू काय करशील?"

"काय करणार? मांडीवर घेईन. माझ्याचपाशी ठेवीन."

"तिनंही तेच केलं," म्हातारी म्हणाली.

लिंबाजी खूप रडला. इतकी वर्षं रडला नव्हता, तेवढं रडला. मग डोळे पुसले आणि म्हणाला, "आजी, वसा सांगा."

"सकाळचं ऊन पाण्यात उतरू द्यावं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहावं. तान्ह्याचं डोकं तळहातावर घ्यावं. त्याचं नाव सांगावं, आईबापांचं सांगावं, घर सांगावं. मग एकेक बोट सोडावं. एका श्वासाइतकं पाण्याला धरू द्यावं. मग उचलून छातीशी घ्यावं. हा वसा मध्येच टाकून जाशील?"

"नाही जाणार," लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळ झाली. पाणी कुठं उरलं होतं? एकट्या डोहात. तोच डोह. काठावर बाया जमल्या. हसणाऱ्याही गप्प झाल्या. गजरानं तान्ही सासऱ्याच्या हातात दिली. म्हणाली, "मामंजी, तुम्ही डोकं धरा, बाकीचं पाणी धरील. कान भिजले तर भिजू द्या."

लिंबाजी उतरला. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. त्यानं नातीला आडवं धरलं. म्हणाला, "नदीमाय, हिचं नाव सारजा. भागोजीची लेक, गजराची लेक, लिंबाजीच्या घरची. घाटावरचं पहिलं घर आमचं. कधी चुकली, तर आमच्या दारी आणून सोड."

मग एक बोट सोडलं, दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. मग तळहात खाली घेतला.

सारजा बुडाली नाही. तिनं डोळे मोठे केले, मिटलेल्या मुठी उघडल्या. मग पाय झाडले, थप थप पाणी उडालं, आजोबाच्या तोंडावर आलं. आणि त्या आठवडाभर रडलेल्या पोरीला हसू फुटलं! काठावर एकच गलका झाला. लिंबाजीनं तिला उचलून छातीशी घेतलं.

गजरानं मुलगी घेतली आणि म्हणाली, "मामंजी, बाहेर येऊ नका. अजून एक राहिलंय." मागं वळून तिनं नवऱ्याला हाक मारली, "अहो, या."

भागोजी म्हणाला, "मी? अगं, मला मिशा आहेत."

"मिशा तरंगतात," गजरा म्हणाली.

भागोजी दोर सोडून पाण्यात आला. लिंबाजीनं त्याचं डोकं तळहातावर घेतलं, नाव सांगितलं, घर सांगितलं. भागोजीनं डोळे घट्ट मिटले. दात वाजू लागले. म्हणाला, "आबा, सोडू नका हां! आबा, धरून ठेवा बरं का!"

लिंबाजी म्हणाला, "अरे, कधीचं सोडलंय."

काठावरच्या बाया हसून हसून वाकल्या. भागोजीनं एक डोळा उघडला, मग दुसरा उघडला, आणि तोही हसू लागला.

मग लिंबाजी एकटाच डोहात उभा राहिला. दोन्ही तळहात पाण्याखाली धरले. म्हणाला, "माय, माझा थोरला तुझ्यापाशी आहे. त्याचं नाव गोंदाजी. सांगायचं राहिलं होतं."

तेवढं म्हणायची खोटी, डोह भरला. वाळू भिजली, वाळू बुडाली, घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, नाव डुलू लागली. गजराला पान्हा फुटला, सारजा पोटभर प्याली. पैलतीराहून हाका येऊ लागल्या.

काठावर वाट बघत बसलेल्या म्हातारीला लिंबाजीनं हात देऊन नावेत बसवलं. भागोजीनं वल्हं मारलं. पैलतीर आला. लिंबाजी हात जोडून म्हणाला, "माय, तू कोण ते मला कळलं. माझा गोंदाजी बरा आहे ना?"

म्हातारीनं त्याच्या गालावरून हात फिरवला. हात गार होता. मग ती उतरली आणि काठाकाठानं चालत निघून गेली.

लिंबाजीच्या घरचं लेकरू पाण्यानं जसं झेललं, तसं तुमच्याआमच्या घरचं झेलो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, ऐकणाऱ्यांच्या ओटीत फळासकट पडो.