थेंबातला ठिपका

थेंबावरून नजर हटवायची नाही, आणि का हटवायची नाही हे विचारायचे नाही. पठारावरचे पाडस पायांवर उभे राहू लागले की त्याला पहिल्यांदा हेच शिकवत. कुसळीलाही शिकवले होते. त्यातला पहिला अर्धा भाग तिने बरेच दिवस पाळला. दुसरा तिला एक दिवससुद्धा जमला नाही.

त्या पठारावर हरणे राहत, आणि पठाराला एकच ओला उतार होता. बाकी सगळीकडे काटेरी झुडपे. उतारावर कोणत्या घराने चरायचे हे शर्यत ठरवी. शर्यतीची वाट मात्र खरी नव्हती. संध्याकाळी पठारावर धुके उतरे आणि त्या धुक्यातूनच चढ, वळणे, खडक, झाडे उभी राहत. तिथे पडले तर हाड मोडत नसे. पण हरले तर पोटाला बसणारा चिमटा खरा असे.

धावणाऱ्या हरणाच्या शिंगाला थोरले स्वतः गवताची काडी बांधत. काडीच्या टोकाला, बरोबर डाव्या डोळ्यासमोर, दवाचा एक थेंब लोंबत असे. त्या थेंबात अख्खी वाट दिसे, केसाएवढी बारीक, आणि तिच्यावर सरकणारे ठिपके. जिथे थेंब तिथे ठिपका. थोरल्यांकडे अळवाच्या पानावर एक मोठा थेंब होता. शर्यत सुरू झाली की ते वाटेकडे पाठ करून त्या पानाभोवती बसत आणि कोण पुढे, कोण मागे ते त्यात पाहत. डोकी इतकी जवळ येत की शिंगे एकमेकांत अडकत, आणि शर्यत संपल्यावर ती सोडवायलाच बराच वेळ जाई.

गेल्या शर्यतीत कुसळी हरली होती. चिंचेच्या वळणापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. मग थेंबात पांगारा नावाच्या हरणाचा ठिपका तिच्या ठिपक्याला चिकटू लागला. ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि वळण आल्याचे तिच्या पायांना आधी कळले, डोळ्यांना नंतर. ती घसरत झुडपात गेली. तेव्हापासून तिची आई काटे चघळत होती, आणि नुकत्याच जन्मलेल्या पाडसाला पुरेल इतके दूध तिला येत नव्हते. या खेपेला हार झाली तर त्यांना पठार सोडून खाली, लांडग्यांच्या माळावर जावे लागणार होते.

कुसळी वळशिंगे आबांकडे गेली. थोरल्यांत ते सगळ्यांत थोरले.

“आबा, थेंब कशासाठी असतो?”

“मागून कोण येतंय ते कळायला.”

“ते ऐकू येतं की. पांगाऱ्याची खुरं काय मुकी आहेत?”

“आणि पुढची वळणं?”

“ती पुढेच असतात. समोर बघितलं की दिसतात.”

आबांनी कान झटकले. “तुझी आजी हाच थेंब बांधून जिंकली होती.”

“थेंबामुळे जिंकली की पायांमुळे?”

“भुरके, ने गं हिला,” आबा शेजारच्या म्हातारीला म्हणाले. “हिच्या जिभेला काटे आहेत.”

“नाव कुसळी ठेवलंत तुम्हीच,” भुरकी मावशी म्हणाली, “आता टोचते म्हणून का ओरडता?” पण तिने कुसळीला नेले, आणि वाटेत हळूच बजावले, “बाळे, बांधायचा तर बांधायचा. आम्ही विचारत बसलो का?”

“नाही बसलात, तेच तर,” कुसळी म्हणाली.

कोणी सांगत नाही म्हटल्यावर तिने स्वतःच पाहायचे ठरवले. सरावाच्या संध्याकाळी ती कधी थेंब नीट समोर ठेवून धावली, कधी काडी कानामागे वळवून, तर कधी थेंबाला चिखल फासून. थेंब खोटारडा नव्हता, हे तिला मान्य करावे लागले. धुक्याने अनोळखी वाट उभी केली की तो उपयोगी पडे. चढापलीकडे काय आहे ते आधीच समजे. एकदा पुढचा एक ठिपका जागीच थांबलेला तिने पाहिला आणि ती बाजूने गेली. चढ ओलांडल्यावर तिथे एक हरीण पडलेले होते. थेंब नसता तर ती त्याच्यावरच आदळली असती.

पण वाट पायांत मुरली की थेंब काही नवे सांगत नसे. तो फक्त बोलावत राही. सगळ्यांत जास्त बोलावी तो वळणावर, जिथे डोळे समोर हवेत नेमके तिथे. आणखी एक गंमत तिच्या लक्षात आली. तिने पांगाऱ्याला गाठले. तो पठारावरचा सगळ्यांत वेगवान नर, स्वभावाने भोळा.

“चिंचेच्या वळणावरचा खडक कोणत्या रंगाचा आहे रे?”

“खडक? कुठला खडक?”

“ज्याला वळसा घालून तू दर वेळी जिंकतोस, तो.”

पांगाऱ्याने बराच विचार केला. “थेंबात तिथे नुसतं वळण आहे,” तो म्हणाला. “रंग कशाला हवाय तुला? वेडी आहेस.”

“लाल आहे,” कुसळी म्हणाली. “त्याच्या उजव्या अंगाला जमीन घट्ट आहे.”

शर्यतीच्या संध्याकाळी आबांनी तिच्या शिंगाला काडी बांधली, थेंब डोळ्यासमोर आहे ना ते पाहिले, आणि सगळे थोरले पानाकडे वळले. धुक्याने आज नेहमीचीच, तिच्या पायांत मुरलेली वाट उभी केली होती. कुसळीने मान खाली घातली, सुरुवातीच्या दगडावर काडी घासून सोडवली आणि दगडालाच टेकवून ठेवली. उघड्यावर, सगळ्यांदेखत. पण पाहायला कोणीच नव्हते. धावणाऱ्यांचे डोळे आपापल्या थेंबात होते.

ती धावली. डाव्या डोळ्याला इतके मोठे जग सापडल्याने ती सुरुवातीला जराशी भांबावली. मग मागची खुरे तिला एकेक करून ओळखू येऊ लागली. पांगाऱ्याची जड होती, जवळ येत होती. चिंचेचे वळण आले. लाल खडक आला. ती उजव्या अंगाच्या घट्ट जमिनीवर पाय रोवून वळली, आणि मागची खुरे अचानक संथ झाली. तिला नवल वाटले, पण तिने मागे पाहिले नाही.

शेवटच्या खुणेपाशी ती धापा टाकत थोरल्यांच्या मागे उभी राहिली. थोड्या वेळाने पांगारा आला.

“पांगारा पहिला!” आबा पानात बघतच म्हणाले.

“आबा, मी त्याच्या आधी आलेय. तुमच्या मागे उभी आहे.”

“कसली येतेस? तू अजून निघालीच नाहीस. हा बघ तुझा ठिपका, दगडापाशी.”

“पांगाऱ्या, तू सांग.”

पांगाऱ्याने पाय चाळवले. “ती पुढे होती,” तो म्हणाला. “दिसत होती मला. पण थेंबात पुढे कुणीच नव्हतं. मला वाटलं, धुक्याचंच काही असेल. म्हणून मी सावकाश आलो.”

थोरले कुजबुजले. मग भुरकी मावशीचा आवाज आला, मऊ, समजुतीचा. “बाळे, हट्ट नको करू. जा, तो थेंब बांधून इथवर चालत ये. ठिपका इथे आला की तुला पहिली म्हणतो आम्ही. आईकडे बघ जरा.”

कुसळीने आईकडे पाहिले. आई पाडसाला घेऊन झुडपापाशी उभी होती, आणि तिचे डोळे कुसळीच्या खुरांवर होते, ज्यांना वळणावरचे लालसर धुके अजून चिकटलेले होते.

“नाही,” कुसळी म्हणाली. “तो मी बांधणार नाही. तुम्ही एकदा मान वळवा.”

आबांनी मान वळवू पाहिली. शिंगे शिंगांत अडकली होती. एकाने मान वळवायची तर सगळ्यांनी वळवायला हवी होती. पान थरथरले. तसे सगळे पुन्हा स्थिर झाले, थेंब सांडू नये म्हणून.

थेंबात सगळे जिथल्या तिथे होते. सुरुवातीच्या दगडापाशी एक ठिपका थांबलेला होता, आणि थोरले त्याच्या हलण्याची वाट पाहत होते. त्यांच्या पाठीमागे झुडपापाशी आता कोणी उभे नव्हते, आणि उताराच्या बाजूने ओले गवत तुटल्याचा आवाज येत होता.