रविवारी सापडलेला स्मिथ

शंभर वर्षांमागं अमेरिकेत, पोलाद कारखान्याच्या एका गावात फुटबॉलचा संघ होता. त्यांचा फुटबॉल म्हणजे अंड्यासारखा चेंडू काखेत मारून एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं. त्यात कॉलेजची पोरं पैसे घेऊन खेळत; पण अशा पोराचं नाव कॉलेज काढून टाकी, म्हणून ती खोट्या नावानं खेळत. त्या रविवारी अकराच्या अकरा जणांनी स्मिथ हेच नाव दिलं. पंचाला वाटलं, घर मोठं दिसतंय.

मध्यंतरात त्यातला एक स्मिथ, म्हणजे खरा एमिल क्रेब्स, तोंडावरचा चिखल पुसत बसला होता, तर समोर त्याचे प्राचार्य पिमसाहेब उभे. रविवारी खेळ बघणं हे पाप आहे, असं ते दर सोमवारी पोरांना तासभर सांगायचे.

“सापडलास क्रेब्स. उद्या तुझं नाव कॉलेजातून कमी.”

एमिलचं शेवटचं वर्ष होतं. तो सावकाश उठून उभा राहिला.

“माणूस चुकला तुमचा, काका. मी स्मिथ. पण तुम्ही अगदी आमच्या प्राचार्यांसारखे दिसता हो. ते देवमाणूस, रविवारी प्रार्थनेतून हलत नाहीत. तुम्ही त्यांचे कोण?”

पिमसाहेब हॅट नाकापर्यंत ओढून हळूच म्हणाले, “लांबचा भाऊ. उद्या भेटले तर माझा नमस्कार सांगा त्यांना. आणि आता जरा डावीकडून पळा, तिकडचा गडी मघापासून लंगडतोय.”