दिवाणजींच्या डोक्यावर वीस व्होल्ट

महाराजांची पगडी पेटली, आणि कोठडीत गेला वायरमन! न्याय कसा अगदी चोख.

त्याचं असं झालं. झुंजारगडच्या उदंडराव महाराजांना दसऱ्याच्या मिरवणुकीत पगडीवर एलईडीची झगमगती पट्टी हवी होती. आता हत्तीवर बसलेल्या राजापर्यंत वायर ओढणार कुठून? म्हणून सुतारशाळेतल्या ड्रिल मशीनची बॅटरी पगडीमागे बसवायचं ठरलं.

वायरमन म्हाळू म्हणाला, "सरकार, बॅटरी वीस व्होल्टची, पट्टी बाराची. मध्ये व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर लागेल. फ्यूजही लागेल."

"उतरवणारा?" महाराज कडाडले. "आमचं तेज उतरवणारा अजून जन्माला यायचाय! अन् बारा व्होल्ट तर आमचा न्हावीसुद्धा लावतो आरशाभोवती!"

"अगदी बरोबर!" दिवाण विश्वंभरपंतांनी लगेच री ओढली. पंतांचा विजेशी संबंध बटण दाबण्यापुरता. पण सल्ला द्यायला माहिती लागते थोडीच! "राजतेज अडवणारा फ्यूज म्हणजे राजद्रोहच, महाराज. थेट जोडा!"

थेट जोडलं. पट्टी क्षणभर लखलखली. मग धूर, मग वास, मग महाराज डोक्यासकट पाण्याच्या हौदात! वर हुकूम सुटला: दसऱ्याच्या सकाळपर्यंत तशीच पट्टी, तीच बॅटरी, मध्ये काही न घालता पगडी उजळली नाही, तर म्हाळू जन्मभर कोठडीत.

म्हाळूची बायको येसू. गावातले मिक्सर, ड्रिल मशीन, सायकलचे दिवे तीच दुरुस्त करायची. खरं सांगायचं तर म्हाळूलाही तिनंच शिकवलेलं. हुकूम ऐकून तिला रडू फुटलं. नवरा चुकला असता तर गोष्ट वेगळी, हा तर बरोबर बोलून अडकला होता! मग तिनं डोळे पुसले. "वा रे कारभार! आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी!" असं पुटपुटत ती कामाला बसली.

दसऱ्याच्या सकाळी येसू पगडी घेऊन दरबारात हजर झाली.

"हुकमाप्रमाणे केलंय, महाराज. कन्व्हर्टर नाही, फ्यूज नाही, मध्ये काही म्हणता काही नाही. बटण तेवढं दाबायचं."

"शाब्बास! आण इकडे!" महाराजांनी मान पुढे केली.

येसू दोन पावलं मागे सरली. "असं कसं, महाराज? आपली खीर आधी दिवाणजी चाखतात. नव्या घोड्यावर आधी दिवाणजी बसतात. मोजडी चावते का, तेसुद्धा आधी दिवाणजींचाच पाय सांगतो. मग पगडीच तेवढी परस्पर आपल्या डोक्यावर? रीत मोडेल की!"

"खरंच की! पंत, व्हा पुढे!"

पंतांच्या तोंडचं पाणी पळालं. पण राजाज्ञा ती! येसूनं मोठ्या अदबीनं पगडी त्यांच्या डोक्यावर बसवली, हनुवटीखाली नाडी घट्ट बांधली आणि बोट बटणाकडे नेलं.

"थांब! अगं थांब बाई!" पंत किंचाळले. "ते उतरवणारं घाल मध्ये! फ्यूज घाल! दोन घाल!"

"पण दिवाणजी, राजद्रोह होईल ना?"

"होऊ दे!"

महाराजांच्या भुवया वर चढल्या. "पंत, थेट जोडा म्हणालात ते तुम्हीच ना?"

"ते आपल्या डोक्याबद्दल म्हणालो होतो, महाराज! हे माझं आहे!"

दरबारात कुणीतरी खोकल्याच्या आड हसून घेतलं.

येसूनं पगडी सोडवली, पिशवीतून सामान काढलं आणि तिथंच बसून जोडायला लागली. "कन्व्हर्टर काही चोरत नाही, महाराज. वीसचे वीस व्होल्ट बॅटरीत आपलेच. पट्टीला पचतील तेवढे बाराच तो वाढतो. परातभर पुरणपोळ्या आहेत म्हणून कुणी एका घासात गिळतं का? आणि ही सर्किटची छोटी पाटी, बॅटरी फार उतरली की वीज तोडते. एरवी ते काम ड्रिल मशीन करतं. आपण बॅटरी तेवढी उचलून आणली, राखणदार राहिला मशीनमध्येच!"

"आणि तो फ्यूज?" महाराजांनी डोळे बारीक केले. "तो आमची वीज अडवणार?"

"वेळ आली तरच. हा बॅटरीच्या अगदी तोंडाशी उभा राहतो. आत कुठं तारेला तार चिकटली, तर पगडी पेटायच्या आधी हा जळून मोकळा होतो. आपल्या डोक्यासाठी आधी स्वतः जळणारा दुसरा कुणी या दरबारात असेल तर दाखवा, महाराज. हा फ्यूज मी आत्ता काढते!"

महाराजांनी उजवीकडे पाहिलं. सरदार आपापल्या मोजड्या निरखत होते. डावीकडे पाहिलं. पंत खांबाआड गेले होते.

आणि महाराज हसले! असे हसले, की सिंहासनाचा लोड घरंगळून खाली गेला. "सोडा म्हाळूला! येसूबाई, हे सोन्याचं कडं तुझं. आजपासून वाड्यातल्या विजेवर तुझाच शब्द चालेल!"

त्यांनी पगडी चढवली, स्वतः बटण दाबलं. पट्टी लख्ख उजळली. ना धूर, ना वास.

"आता पंत, या बाहेर," महाराज म्हणाले. "फ्यूजसाहेबांना मुजरा करा!"

पंतांनी केला. चांगला तीनदा, कमरेत वाकून.