दोन कड्यांची टोपली

फार पूर्वी वेणुमती नगरीत राजा नव्हता. कुलप्रमुखांची सभाच राज्य चालवीत असे. त्या काळी बोधिसत्त्व सभेत आसने मांडणाऱ्याच्या घरी जन्मला आणि बापामागून तेच काम करू लागला. कोणाचे आसन कोणाशेजारी मांडायचे नाही, हे त्याला तोंडपाठ होते.

सभेत दोन तट होते. एकाचा पुढारी रोहक, दुसऱ्याचा उपसाल. एकाने पूर्व म्हटले की दुसऱ्याने पश्चिम म्हणायचेच. मात्र वर्षातून एकदा, वैशाखात, दोघे एका टोपलीच्या दोन कड्या धरून नदीच्या बांधासाठी माती वाहत आणि टोपली चौरंगावर ठेवीत. टोपली वाटेत टेकवायची नाही, असा दंडक होता. पूर्वजांनी ती खरोखर बांधापर्यंत नेली होती. पुढे पुढाऱ्यांचे गुडघे कुरकुरू लागले, तसा चौरंग सभागृहाच्या पायरीशी आला आणि माती मूठभर झाली. लोक फुले उधळीत, दोघे गळाभेट घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकमेकांवर तुटून पडत.

त्या वर्षी बांधाला भगदाड पडले होते. डागडुजीचा ठराव रोहकाने आणला, तो उपसालाने पाडला. उपसालाने आणला, तो रोहकाने. बांधाखाली कुंभारवाडा होता. तिथली चंपका सभागृहात पाण्याचे माठ पोचवी. उत्सवाच्या आदल्या दिवशी माठ उतरवता उतरवता ती बोधिसत्त्वाला म्हणाली, "दादा, पाऊस महिन्यावर आलाय. सासू अंथरुणाला खिळलीय, तिला कुठं नेऊ मी? यांचं एकदाचं जमणार तरी कधी?"

"उद्या जमतंच की," बोधिसत्त्व बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

सकाळी त्याने चौरंग काखेत मारला आणि थेट भगदाडाच्या काठावर नेऊन मांडला. मग सभागृहात परतून टोपली ओल्या चिकणमातीने काठोकाठ भरली. पिढीजात काम हातचे जाणार, हे त्याला कळत होते.

"ही एवढी जड कशी?" कडी उचलताच रोहक पुटपुटला.

"हसत राहा, लोक बघताहेत," उपसाल दातांतल्या दातांत म्हणाला.

पायरीशी चौरंग नव्हता. तो दूर बांधावर दिसत होता. एवढ्या लोकांदेखत आधी हात कोण सोडणार? दोघेही चालू लागले.

"डावा पाय आधी टाका, टोपली हिंदकळतेय," रोहक म्हणाला.

"माझा गुडघा..."

"मग भार माझ्याकडे झुकवा."

घामाघूम होऊन ते काठावर पोचले. खाली चंपकाचे अंगण दिसत होते. सासूची बाज तिने पुराच्या धास्तीने विटांवर विटा रचून कमरेएवढी उंच केली होती. दोघे बराच वेळ त्या बाजेकडे पाहत राहिले. मग चौरंग बाजूला सारून त्यांनी टोपली भगदाडात उपडी केली. माती कुठे गेली ते दिसलेसुद्धा नाही. फुले कोणीच उधळली नाहीत.

बोधिसत्त्वाने हात जोडले. "टोपली मी भरली, चौरंगही मीच मांडला. शिक्षा मला द्या."

उपसाल धापा टाकीत चौरंगावर बसला होता. रोहक म्हणाला, "शिक्षेचं मागनं बघू. आधी दुसरी टोपली भर."

त्या दिवशी ठराव कोणी मांडलाच नाही, त्यामुळे पाडायलाही काही उरले नाही. टोपलीला कड्या दोन, म्हणून दोन्ही तटांची माणसे जोडीजोडीने माती वाहू लागली. नवव्या दिवशी भगदाड बुजले. पावसाळ्यात नदी बांधाला धडका देऊन परत फिरली आणि म्हातारीची बाज कोरडी राहिली. बोधिसत्त्वाला काय शिक्षा द्यावी यावर मात्र सभेत दोन दिवस कडाक्याचे भांडण झाले. दोन्ही दिवस आसने त्यानेच मांडली.

पूर्वजन्मीची ही कथा विहारातल्या भिक्षूंना सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, काल सर्वांदेखत एकमेकांची क्षमा मागून आज पुन्हा पाठ फिरवून बसलेले हे दोघे भिक्षू तेव्हा रोहक आणि उपसाल होते. विहाराच्या दाराशी आपल्यासाठी पाण्याचा मोठा माठ भरून ठेवणारी उपासिका तेव्हा चंपका होती. आसने मांडणारा मीच होतो. स्वतःचे नुकसान पत्करून सर्वांचे हित पाहण्याच्या या गुणाला मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात. आता उठा, आणि तिचा तो माठ दोघे मिळून आत आणा."