मुका माठ

"…मग ओतून टाकू का, महाराज?"

धुंडीनाथांनी वर पाहिलं नाही. ते मठाच्या ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

"काय ओतणार?"

"बियर. मेली ती."

डोंगरावरच्या या मठात भैरवाला नैवेद्य असतो सातूच्या बियरचा, आणि तीही मठातच आंबवलेली. बाजारच्या बाटलीकडे देव ढुंकूनही पाहत नाही म्हणतात. मोड आणून भाजलेला सातू उकळायचा, गाळून निववायचा, यीस्ट घालून माठात भरायचा. झाकण कणकेनं लिंपायचं आणि झाकणातून काढलेली नळी पाण्याच्या वाटीत सोडायची. आत आंबायला लागलं की वाटीत बुडबुडे येतात. मग मठातले म्हणतात, माठ बोलायला लागला.

शिष्य गुणाजीचा माठ बोलत नव्हता.

"गरम असतानाच यीस्ट घातलंस?"

"नाही. हात लावून पाहिला होता. कोमट होतं."

"यीस्ट जुनं असेल."

"त्याच पुडीतलं शेजारच्या माठात आहे. तो बडबडतोय."

"गारठा?"

"घोंगडी गुंडाळली आहे." गुणाजीच्या आवाजाला धार आली. "सगळं पाहून झालं, महाराज. वाटीत एक बुडबुडा नाही. जे गेलं त्याच्यापाशी बसून काय उपयोग?"

हे वाक्य तो आज दुसऱ्यांदा बोलत होता.

पहिल्यांदा ते त्यानं सकाळी धाकट्या भावाला ऐकवलं होतं. केरबा धापा टाकत डोंगर चढून आला होता. झटका आल्यापासून आई तालुक्याच्या दवाखान्यात पडून होती. वाचा गेलेली, अंग लुळं, पोटात जायचं ते नाकातल्या नळीतून. नळी ठेवायची की काढून घरी न्यायचं, हे थोरल्यानं सांगायचं होतं.

"तुजं नाव काढलं की तिच्या एका डोळ्यातनं पाणी येतंय, दादा."

"ते आपोआप येतं. बोलते का?"

"न्हाई. पर तू येकदा येऊन तर बघ."

"जे गेलं त्याच्यापाशी बसून काय उपयोग? काढा नळी."

संध्याकाळी डॉक्टर फेरीला आले की सांगतो, म्हणून केरबा डोळे पुसत उतरला. गुणाजीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि त्याचं त्याला फार कौतुक वाटत होतं. माया सुटते ती अशी. आता हे महाराजांच्या कानावर कसं जावं, म्हणजे आपणच सांगितलं असं वाटणार नाही, या विचारात त्याची दुपार गेली होती.

"काडेपेटी आण," महाराज म्हणाले.

भिंतीशी एक रिकामा माठ होता. महाराजांनी काडी ओढली आणि त्यात हात घातला. काडी बोटांपर्यंत जळत आली, तेव्हा त्यांनी ती टाकली.

मग ते गुणाजीच्या माठापाशी आले. एका बाजूची कणीक सोडवून झाकण थोडं सरकवलं, नवी काडी पेटवून आत धरली.

काडी पटकन विझली.

"पाहिलंत?" गुणाजी म्हणाला. "मेलंच आहे."

महाराजांनी आणखी एक ओढली. तीही विझली.

"जळली कुठं?"

"रिकाम्यात."

"विझली कुठं?"

गुणाजी माठावर वाकला. आंबणाऱ्या माठात जो वायू साठतो त्यात दिवा टिकत नाही, हे नव्या माणसांना तोच शिकवत असे.

"पण वाटी… वाटी तर गप्प होती."

महाराजांनी झाकण बसवून कणीक दाबली. पलीकडच्या बाजूला कणकेला केसाएवढी चीर होती. तिच्यावर त्यांनी पाण्याचा थेंब सोडला आणि दोघे पाहत राहिले.

बराच वेळ काही झालं नाही.

मग थेंब हलला. फुगला, फुटला. पुन्हा फुगला.

"मागं एक माठ ओतलास," महाराज म्हणाले. "तोही असाच गप्प होता?"

"होय."

"चीर पाहिली होतीस?"

गुणाजी थेंबाकडेच पाहत होता.

"सकाळी तुझा भाऊ रडत उतरला. काय सांगितलंस त्याला?"

"आईची नळी काढायला." किती प्रकारे सांगायचं म्हणून घोळवलेलं ते वाक्य एवढंसं निघालं. "संध्याकाळी डॉक्टर आले की काढतील. तो म्हणत होता, एका डोळ्यातून तिच्या…"

त्याला भीती वाटली, लहानपणी गर्दीत आईचा हात सुटल्यावर वाटली होती तशी.

मठावर फोन लागत नसे. ऊन ओट्यावरून उतरून पायऱ्यांवर गेलं होतं, आणि खालच्या फाट्यावरून तालुक्याला जाणारी गाडी कधी मिळेल याचा नेम नव्हता.

"महाराज, पोचेन का मी?"

धुंडीनाथांनी काडेपेटी कनवटीला लावली.

"पळ," ते म्हणाले. "उतार आहे."