पहिलं लुगडं शेजारणीचं

मी सातवीत शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं किंवा शब्द फारच साधे वाटले, तर पोटात घाला. घराला कुंपण निवडताना माझी चूक झाली, म्हणून आमच्या पिंपरओढा गावाची ही गोष्ट लिहायला बसलोय.

फार मागे, आमचा ओढा बारा महिने वाहायचा तेव्हा, गावात येसबा नावाचा कुंपणं घालणारा होता. त्याच्या कुंपणातून साप गेलाच, तर कात मागे ठेवून जायचा, असं म्हणतात. पण त्याच्या स्वतःच्या घराला अडुळशाची जुनी, विरळ वई होती. लोक हसायचे. "येसबा, गावच्या कोंबड्या तुझ्या अंगणात जेवून जातात की."

ते त्याला लागलं. मग तो विचार करत बसला, की कुंपण घालावं तर कसलं. दगडाचा गडगा कुणीही रचतो. शेराची वई वाढायला दोन वर्षं. शेवटी त्यानं अडुळसा उपटला आणि बोर-बाभळीच्या फांद्या अशा विणल्या, की वारासुद्धा आत शिरताना शिट्टी वाजवायचा. लोक लांबून बघायला आले. पाच दिवस येसबाला भाकरी गोड लागली.

सहाव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की शेजारची साळूबाई दिसली नाही. ती विधवा, एकटी राहायची. तो तिच्या बंद दाराशी गेला.

"वहिनी, बरं नाही का?"

"बरी हाय, भाऊजी," आतून आवाज आला. "कुंपण नामी झालंय तुमचं. मलाबी आत ठेवलं."

येसबानं वळून पाहिलं, तर काट्यांवर लुगड्याच्या चिंध्या फडफडत होत्या. साळूबाईकडे एकच लुगडं होतं. रोज ते धुऊन ती अडुळशावर टाकायची आणि वाळेपर्यंत दार लावून, पटकूर गुंडाळून बसायची. इतकी वर्षं शेजार, आणि येसबाला ते ठाऊक नव्हतं.

त्यानं बायकोचं लुगडं आणून उंबऱ्यावर ठेवलं आणि पाठ फिरवली. त्यानंतर त्याची मान कधी वर झाली नाही, असं म्हणतात. मग तो नुसत्या हातांनी काटे उपसायला लागला. बायको म्हणाली, "कोयता तरी घ्या."

"कोयत्याला काय कळतंय," तो म्हणाला.

त्या जागी त्यानं निरगुडीच्या काड्या लावल्या. निरगुडी गुरं खात नाहीत, आणि तिच्यात कपडा अडकत नाही. तिसऱ्या दिवशी काड्यांना पालवी फुटली. जिथं येसबाचं रक्त सांडलं होतं तिथं निळे तुरे आले, असं म्हणतात. पुढे एकदा वावटळीनं घरांची छपरं नेली, पण निरगुडीवरचं साळूबाईचं लुगडं कुणी धरून ठेवल्यासारखं जागच्या जागी राहिलं.

तेव्हापासून आमच्याकडे नव्या कुंपणावर पहिला कपडा शेजारणीचा पडतो. टाकताना ती म्हणते, "येसबा, धर." एक धागा जरी ओढला गेला, तरी घरधनी कुंपण बदलतो. कुणी वाद घालत नाही.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरी गेल्या महिन्यात मी घराला काटेरी तार घातली. शेजारच्या चंद्राकाकू रीतीप्रमाणे ओलं लुगडं घेऊन आल्या. मी घाईनं म्हणालो, "काकू, इथं नका टाकू, फाटेल."

म्हणालो, आणि माझं मलाच ऐकू आलं.

काकूंनी लुगड्याची घडी केली. "बरं बाबा," म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पक्कड घेऊन सगळी तार सोडवली. ओढ्यावर जाऊन निरगुडीच्या काड्या तोडल्या, मोळी बांधली आणि काकूंच्या दारात नेऊन ठेवली. काकूंनी मोळीतल्या काड्या चाळून पाहिल्या.

"जरा दाट लाव," त्या म्हणाल्या. "दोन सुना आल्यात, धुणं वाढलंय."

मी दाट लावली.