पारवीसारखी दुसरी

फार पूर्वी, जिकडे पाहावं तिकडे डोंगर आणि मधेच कुठे एखादं गाव, अशा एका मुलखात एक वैद्य राहत होता. त्याचं घर खाली नदीकाठी होतं, पण त्याचे रोगी डोंगरभर पसरलेले. वर पठारावर धनगरांच्या वाड्या होत्या. कुणाचा ताप उतरेना, कुणी बाळंतीण अडली, की वाडीतला माणूस धावत खाली यायचा. वैद्य औषधांची पिशवी खोगिराला अडकवायचा आणि वर निघायचा.

त्याच्याकडे एक घोडी होती. रंगाने पारव्यासारखी राखाडी, म्हणून तिचं नाव पारवी. डोंगरातली एकूणएक वाट तिला ठाऊक. ओढ्याला पाणी चढलं, तर उतार कुठे मिळेल हे तीच शोधायची. परतताना दमलेल्या वैद्याला खोगिरावर डुलकी लागली, की ती आपोआप चाल हळू करायची. वैद्याला मूलबाळ नव्हतं. घरात नवराबायको दोघंच, आणि परसात पारवी.

पारवी म्हातारी झाली. एका थंडीत ती खाली बसली ती उठलीच नाही. ज्याने अख्ख्या डोंगराला औषध दिलं, तो वैद्य तिचं डोकं मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. तिला परसातच करंजाखाली पुरलं. त्या दिवसापासून वैद्याचं बोलणं कमी झालं.

वरून बोलावणी येतच होती. वैद्य गावच्या पाटलाचा घोडा मागून नेऊ लागला. पाटील भला माणूस, कधी नाही म्हणायचा नाही. पण वैद्याची बायको एक दिवस म्हणाली, “अहो, दुसऱ्याचं जनावर किती दिवस मागायचं? तालुक्याला घोड्यांचा बाजार भरलाय. एक बघून या.”

वैद्य गेला.

बाजारातला सौदागर त्याच्या ओळखीचा होता. मागे त्याचं दुखणं वैद्याने बरं केलं होतं. त्याने हातातलं काम टाकलं आणि स्वतः उठून एक तांबडा घोडा सोडून आणला. वैद्याने त्यावर बसून एक फेरी मारली. घोडा झोकात चालला. तरी वैद्य उतरून म्हणाला, “तोंडाचा जड आहे. लगाम ओढावा लागतो.”

सौदागराने एक राखाडी घोडी पुढे आणली. तोच रंग, तशीच आयाळ. वैद्य अगदी जवळ गेला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “पारवी.” घोडीचा कानसुद्धा हलला नाही. ती समोरचं गवत खात राहिली. वैद्य मागे सरला. “हिची नजर चांगली नाही.”

मग सौदागराने एक काळसर तट्टू आणलं. पोट सुटलेलं, शेपटी विरळ. “दिसायला काही नाही, वैद्यबुवा. पण चढउताराला याच्यासारखं जनावर या बाजारात नाही. तुमच्या डोंगरासाठीच जन्मलंय म्हणा ना.”

“चाल खडबडीत आहे,” वैद्य म्हणाला. तो अजून त्याच्यावर बसलासुद्धा नव्हता.

सौदागराने तट्टू पुन्हा दावणीला बांधलं. मग म्हणाला, “रागावू नका, बुवा. तुम्हाला घोडं हवंय, की तुमची तीच घोडी हवीय? घोडं मी देईन. ती काही माझ्याकडे नाही.”

वैद्याला ते फार लागलं. तो तसाच माघारी फिरला.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, “एकही धड जनावर नव्हतं.” ती निवडत होती ते तांदळाचं सूप तिने बाजूला ठेवलं. “मला का तिची आठवण येत नाही? अजून सकाळी तिचे हरभरे भिजवायला हात जातो. पण वरच्या लोकांनी काय करायचं?”

“पाटलांचा घोडा आहे की,” वैद्य म्हणाला आणि परसात निघून गेला.

पुढच्या बाजारालाही तेच झालं. एकाचे खूर मऊ, एकाची मान आखूड, एक उगाच खिंकाळतं. सौदागर इतका जीव लावणारा, की त्याने ते काळसर तट्टू एका गड्याबरोबर वैद्याच्या दारात पाठवून दिलं. चार दिवस ठेवून बघा, म्हणून निरोप दिला. वैद्याने ते दारातूनच परत लावलं.

मग पाटलाच्या मुलीच्या सासरी काही कार्य निघालं आणि पाटील घोडा घेऊन लांबच्या गावी गेला.

तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी धुळबा नावाचा एक धनगर धापा टाकत वैद्याच्या अंगणात येऊन उभा राहिला. तो पठारावरच्या एका वाडीचा.

“बुवा, लवकर चला. माझी कारभारीण ठकू... घशात गाठ आलीय. कालपासून पाणी उतरंना. आता श्वासच कोंडायला लागलाय. पदराशी तान्ही पोर आहे हो.”

वैद्याने मान हलवली. असली गाठ त्याने कितीकदा फोडली होती. वेळेवर फोडली, तर माणूस घटकाभरात उठून पेज मागतं. त्याने बारीक पातं पिशवीत टाकलं आणि दाराबाहेर आला. धुळबा घोडा कुठे दिसतो का म्हणून इकडेतिकडे बघत होता.

“चालतच जावं लागेल,” वैद्य म्हणाला.

दोघं निघाले. सपाटीवर वैद्य जमेल तेवढा झपझप चालला. पण घाट लागला, आणि त्याचे पाय बोलू लागले. इतकी वर्षं ही वाट त्याने घोडीच्या पाठीवरून पाहिली होती. ती एवढी उभी आहे हे त्याला माहीतच नव्हतं. दर वळणावर त्याला बसावं लागे. धुळबा शेजारी उभा राही. ‘चला’ म्हणायची त्याला छाती होत नव्हती. तो फक्त वर बघायचा आणि पुन्हा वैद्याच्या पायांकडे बघायचा.

अर्ध्या घाटात वैद्याचा गुडघाच वळेना. तेव्हा धुळबा त्याच्यासमोर पाठ करून खाली बसला.

“बसा, बुवा.”

“अरे, असं कसं...”

“बसा म्हणतो ना! माझी मेंढरं मी अशीच नेतो.”

वैद्य त्याच्या पाठीवर बसला. सकाळपासून धावून आलेला तो माणूस, पुढे वाकून, दगडादगडावर पाय रोवत चढू लागला. त्याचा घाम वैद्याच्या धोतराला लागत होता. त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मधेच त्याचा पाय घसरला आणि गुडघा फुटला, पण त्याने वैद्याला खाली ठेवलं नाही. वैद्याने डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांपुढे त्याला ते तट्टू दिसू लागलं. दारातून परत जाताना त्याने एकदा मान वळवून पाहिलं होतं.

पठारावर पोचेपर्यंत उन्हं कलली. वाडी दिसायच्या आधीच बायकांचं रडणं ऐकू आलं. धुळबा थांबला. त्याने वैद्याला अगदी सावकाश खाली उतरवलं, जसं काही मोडेल असं काहीतरी खाली ठेवावं. मग तो पळत सुटला.

वैद्य झोपडीत शिरला. ठकूचा हात हातात घेतला. अंग अजून कोमट होतं. पिशवीतलं पातं पिशवीतच राहिलं. कोपऱ्यात कुणीतरी तान्ह्या पोरीला खांद्यावर घेऊन थोपटत होतं आणि ती भुकेने ओरडत होती.

वैद्य बाहेर येऊन अंगणात बसला. काही वेळाने धुळबा बाहेर आला. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. “घ्या, बुवा. दमला असाल. या वयात तुम्ही एवढा डोंगर चढून आलात, तुमचे उपकार आहेत.”

त्याने दोष दिला असता, दगड मारला असता, तर वैद्याला सोसलं असतं. तांब्या हातात धरून तो तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत खाली आल्यावर तो घरात न शिरता सरळ तालुक्याला सौदागराकडे गेला. काळसर तट्टू केव्हाच विकलं गेलं होतं.

“जे दावणीला असेल ते द्या,” वैद्य म्हणाला.

सौदागराने हाताशी होती ती एक भुरी घोडी सोडली आणि दोर वैद्याच्या हातात दिला.

पुढच्या आठवड्यात पठारावर कुणाला तरी ताप आला. वैद्य भुरीवर बसून निघाला. जिचे खूर त्याने पाहिले नव्हते, मान पाहिली नव्हती, त्या घोडीने सगळा घाट कुठेही न थांबता चढून टाकला. ऊन तापायच्या आत ती पठारावर होती.

वाट धुळबाच्या झोपडीवरून जात होती. तो दारात बसला होता. मांडीवर पोर होती आणि शेळीच्या दुधात चिंधी बुडवून तो तिच्या तोंडात पिळत होता. टापा ऐकून त्याने वर पाहिलं.

“नवी घोडी घेतलीत?”

“हो,” वैद्य म्हणाला.

धुळबाने घोडीला पायापासून मानेपर्यंत नीट न्याहाळलं. “चांगली आहे,” तो म्हणाला आणि पुन्हा पोरीवर वाकला.

वैद्याला काहीतरी बोलायचं होतं. पण पोर चिंधी चोखत होती, आणि पुढच्या वाडीत तापाचा रोगी वाट बघत होता. त्याने लगाम सैल केला आणि भुरी आपणहून चालू लागली.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: गेलेल्याची माया मनात जरूर जपावी, पण समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्याच मापाने मोजून परत पाठवत राहिलं, तर त्या दुःखाची किंमत भलत्याच कुणाला तरी मोजावी लागते.